स्वतःविरुद्ध साक्ष

कोणीही आपल्या स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हा न्यायशास्त्रातील एक जुना दंडक आहे. न्यायमंदिरात तो पाळणे फारसे कठीण नाही. कारण तेथे वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या भूमिका निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. परंतु मनुष्याच्या खाजगी आयुष्यातील बहुतेक खटले असे चालतात की, त्यांत आरोपी तोच, वकील तोच आणि निकाल देणाराही तोच. अशा ठिकाणी सत्यनिष्ठा टिकावी कशी? या प्रश्नाच्या विचारासाठी मी आज जे उदाहरण घेणार आहे ते नीतिशास्त्राच्या ग्रंथातले नाही. अमेरिकेतील हौशी विमानबांधकांच्या कार्यशाळेतले आहे.

त्या देशात हजारो गृहस्थ आपल्या घरी, फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी विमान बांधतात आणि त्यात बसून उडतात. बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिक्षणासाठी अथवा करमणुकीसाठी केलेला असला, म्हणजे तेथील सरकार अशा विमानास ‘प्रायोगिक’ या वर्गात उड्डाणाची परवानगी देते. त्यात इंजिन कोणते बसवावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. त्यांपैकी काही थोडे लोक माझदा कंपनीच्या मोटारगाडीतील रोटरी इंजिन पसंत करतात. फेलिक्स व्हांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून निघालेले हे इंजिन १९५७ साली प्रथम चालले. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या ज्या इंजिनांची सिलिंडरेच गरगर फिरत, त्यांनाही रोटरी म्हणत. परंतु ती वाऱ्यानेच थंड होत असत. व्हांकेलचे इंजिन निराळे. त्याच्या पोटात त्रिकोणी आकाराचा रोटर फिरतो. वरखाली होणारे दट्टे नाहीत, उघडमीट करणाऱ्या झडपा नाहीत. लहान आकारात मोठी शक्ती आणि मोजकेच हलते भाग, या गुणांवर हौशी माणूस लुब्ध होतो.

पण पुष्कळ गुणी माणसांप्रमाणे ते तापट आहे. त्याच्या आवरणाच्या एकाच बाजूस ज्वलन सदैव चाललेले असते आणि दुसऱ्या बाजूस सदैव ताजी, थंड हवा येत असते. म्हणून आवरण सारखे तापत नाही. रोटरच्या आतील उष्णता वाहून नेण्याचे काम तेलाकडे असते. तेव्हा पाण्याच्या रेडिएटरखेरीज तेलासाठीही मोठी सोय करावी लागते. एकदा मर्यादेबाहेर तापले, की आवरणाच्या थरांमधील रबरी कडी निकामी होतात आणि पाणी वाट फुटेल तिकडे धावते. येथे थोडा हिशेब केला पाहिजे. १६० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १२० किलोवॅटचे इंजिन घ्या. पाणी आणि तेल यांच्यावाटे ८० किलोवॅट उष्णता बाहेर काढावयाची आहे आणि जाणारी हवा ४० अंशांनी तापते, असे धरू. मग दर सेकंदास सुमारे दोन किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेदोन घनमीटर हवा रेडिएटरांतून गेली पाहिजे. एवढा वारा विमानाच्या पुढील एकदोन लहान तोंडांतून आत घ्यावयाचा असतो.

तोंड मोठे ठेवावे तर वाऱ्याचा विरोध वाढून वेग घटतो. लहान ठेवावे तर इंजिन तापते. यावर शास्त्राने तोडगा शोधलेला आहे. तोंड लहान ठेवून आतील मार्ग हळूहळू रुंद करीत न्यावा. त्यामुळे हवेचा वेग मंदावतो व दाब वाढतो. ती रेडिएटरांतून सावकाश जाते आणि शेवटी अरुंद वाटेने पुन्हा वेग घेऊन बाहेर पडते. इंग्लंडातील फार्नबरो येथील मेरेडिथ या अभियंत्याने १९३५ साली असे दाखविले की, रेडिएटरने हवेस दिलेल्या उष्णतेचा उपयोग विमानास पुढे रेटण्याकडेही काही अंशी होऊ शकतो. १९४० साली प्रथम उडालेल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालील रेडिएटर या तत्त्वाचे सुप्रसिद्ध उदाहरण होय.

आणि मोहास सुरुवात होते ती येथेच. इंजिनाची खरी परीक्षा सरळ, वेगवान उड्डाणात नसते. ती उन्हाळ्याच्या दुपारी, जमीन सोडल्यानंतरच्या चढणीत असते. त्या वेळी इंजिन सर्व शक्तीनिशी चालत असते आणि विमानाचा वेग मात्र कमी असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ३२० किलोमीटर वेगाने जो दाब मिळतो, त्याचा केवळ चौथा हिस्सा १६० किलोमीटरला मिळतो; तो सगळा मिळून जेमतेम १२ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. बांधणाऱ्याच्या मनात चित्र मात्र सरळ उड्डाणाचे असते, कारण त्याने विमान बांधले ते त्यासाठी. त्याला विमानाचे नाक रेखीव हवे असते, म्हणून तोंड बोटभर कमी होते. जागा नसते, म्हणून रुंद होत जाणारा मार्ग एकदम उघडतो. हवा भिंतीपासून सुटून भोवरे करू लागते आणि अर्धा रेडिएटर नुसता शोभेचा उरतो. कोणी शंका काढली, तर मस्टँगचे नाव घ्यावयाचे! थंडीतल्या एका सकाळचे उड्डाण सुरळीत पार पडले, म्हणजे निर्दोष सुटल्याचा आनंद. आणि पुढे काटा लाल रेषेकडे झुकू लागला, तर मापकच बिघडला असावा, ही सबब तयार. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासणाऱ्या विद्यार्थ्याने गुणांची खैरात करावी, तसेच हे. यात लबाडी नसते. असते ती केवळ इच्छा. पण इच्छेची वकिली लबाडाच्या वकिलीहून अधिक प्रभावी असते. कारण वकिलाचा स्वतःच्या युक्तिवादावर मनापासून विश्वास असतो.

मग उपाय कोणता? मला वाटते, न्यायाधीश बदलता येत नसेल तर साक्षीदार तरी असे नेमावेत की जे त्याच्या मर्जीतले नाहीत. चांगले बांधक नेमके हेच करतात. पारदर्शक नळीत पाणी भरून ते रेडिएटरच्या पुढचा व मागचा दाब मोजतात. हवेच्या मार्गात लोकरीचे लहान लहान तुकडे चिकटवून आत इवलासा कॅमेरा ठेवतात. जेथे तुकडे शांत पडून न राहता उलटसुलट फडफडू लागतात, तेथे हवा भिंत सोडते आहे हे उघड होते. लोकरीच्या तुकड्यास मुरवत ठाऊक नसते.

एक गोष्ट मला सर्वांत अधिक बोधप्रद वाटते. पाण्याचे उष्णतामान दाखविणारा मापक ज्या पाण्यात बुडालेला असतो, ते पाणीच गळून गेले, तर त्याचा काटा कधी कधी वर न जाता खाली येतो. मापक आता पाण्यास स्पर्शच करीत नाही. तो पोकळीचे वर्तमान सांगतो. बसलेल्या माणसाला वाटते, सर्व क्षेम आहे. म्हणूनच जाणते लोक उष्णतामापकाच्या शेजारी पाण्याचा दाब दाखविणारा दुसरा मापक बसवितात. सदसद्विवेकबुद्धीचेही असेच नाही काय? मनाची शांती ही निर्दोषपणाची खूण आपण मानतो. पण ती पुष्कळदा विवेकाचा सत्याशी असलेला संबंध तुटल्याचीही खूण असते.

कोणी म्हणेल, प्राण त्याचा, विमान त्याचे. मग नीतीने मध्ये का पडावे? परंतु प्राण त्याच्या एकट्याचा राहत नाही. मोटारीचे इंजिन बसविलेल्या विमानाने पहिले सुमारे ४० तास उतारूंशिवाय चाचणीत काढावेत, असा रूढ प्रघात आहे. त्यानंतर शेजारच्या आसनावर पत्नी बसते, मुलगा बसतो. हे विमान प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांस धरून नाही, अशी पाटी त्यांच्यासमोर असते. पण पाटी वाचून कोणी रेडिएटरचा हिशेब तपासत नाही. ते बांधणाऱ्यावर विसंबतात. पुढे विमान विकलेही जाते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ मधील घरबांधणीच्या विमानांचे अपघात अभ्यासले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक विमाने दुसऱ्याकडून विकत घेतलेली आढळली. पहिल्याने स्वतःस दिलेली सवलत दुसऱ्याच्या वारशात जाते, आणि त्या वारशाची नोंद कोणत्याही खतपत्रात नसते.

याचा अर्थ भित्रेपणा म्हणजे प्रामाणिकपणा, असा मात्र नव्हे. वाटेल तेवढा मोठा रेडिएटर बसविणाराही हिशेब टाळीतच असतो. तो विमानाच्या वजनाने आणि विरोधाने आपल्या आळसाची किंमत भरतो. चांगली योजना म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेस उघडमीट करता येणारे झाकण: चढताना उघडे, सरळ उड्डाणात मिटलेले. प्रामाणिकपणाही असाच प्रसंग जोखणारा असतो.

शेवटी एवढेच. अमुक अंशापलीकडे काटा गेला तर परतावयाचे, ही मर्यादा शहाणा बांधक जमिनीवर असताना, थंड डोक्याने कागदावर लिहून ठेवतो. कारण आकाशात गेल्यावर आपला वकील बोलू लागेल हे त्याला ठाऊक असते. आपणही आपल्या आयुष्यातील मर्यादा मोह समोर येण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात आणि आपल्याला न भिणारा एखादा साक्षीदार जवळ बाळगावा. तो साक्षीदार स्पष्टवक्ता मित्र असेल, जुनी रोजनिशी असेल, किंवा लोकरीचा नुसता एक तुकडा असेल. त्याची साक्ष गोड लागणार नाही. पण ती आपल्या बाजूची नसते, हेच तिचे मोल.