तिथे ठेवले आहे काय?

आपल्या घरांतून एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, ‘वां रक्खा क्या है?’ कुणी घराबाहेर निघण्याची गोष्ट काढली आणि त्या निघण्याला लग्न, मय्यत, दवाखाना, उरूस किंवा बाजार यांपैकी एकही नाव देता आले नाही, की हा प्रश्न हमखास येतो. तो रागाने विचारलेला नसतो. बहुतेक वेळा काळजीनेच विचारतात. पण त्याला उत्तर नसल्यामुळे किती पावले उंबऱ्याच्या आतच थांबली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आम्ही हिंगोलीकडची माणसे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, पण नात्यागोत्याचे आणि जाण्यायेण्याचे रस्ते तेच राहिले. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला आमच्या घरच्या बायका जात आल्या. खुलदाबादला जियारतीसाठी गेल्या. डबे बांधून, पोरेबाळे काखेत घेऊन, गर्दीत उभ्या राहून गेल्या. त्यांना कुणी अडवले नाही, कारण जियारत हे काम आहे. पुरुषांना तर कामाचे नावही सांगावे लागत नाही. इशानंतर चौकातल्या हॉटेलात दोन तास बसणाऱ्याला तिथे काय ठेवले आहे, असे विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. म्हणजे हा प्रश्न सर्वांना सारखा लागू होत नाही. तो कुणाला विचारला जातो आणि कुणाला नाही, एवढे पाहिले तरी घरातला न्याय कळतो.

मग मूळ प्रश्न असा उरतो : पाहण्यासाठी कारण लागते काय? केवळ चालावे, मोकळ्यावर यावे, अल्लाहने केलेली एखादी गोष्ट डोळे भरून पाहावी, एवढ्यासाठी सगळ्या कुटुंबाने बाहेर पडणे हा चांगल्या जगण्याचा भाग आहे, की ती उधळपट्टी आहे?

या प्रश्नाची परीक्षा घ्यायची तर उदाहरणही तसेच हवे. जिथे खरोखरच काही ठेवलेले नाही, असे ठिकाण हवे. ते आहे. सह्याद्रीत डोंगराच्या भिंतीला आरपार भोक पडलेले असते, त्याला मराठीत नेढे म्हणतात. सुईचे नेढे तेच हे. राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढे आहे, रतनगडाच्या माथ्यावर आहे, इर्शाळगडाच्या सुळक्यात आहे. माणूस बांधतो ती कमान. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य. कमानीला गवंडी असतो, बांधून घेणारा बादशहा असतो, शिलालेख असतो, तारीख असते. नेढ्याला यातले काहीच नसते. तिथे पाहायचे ते एक भोक, आणि भोक म्हणजे तर काहीच नसणे.

आमच्या जिल्ह्यात असे नेढे आमच्या पाहण्यात नाही. आमच्याकडे काळी माती, हळदीची शेते आणि कयाधूचे पात्र. पण वसमतवरून जाणारा जो महामार्ग आहे, तोच पश्चिमेला परभणी, अहिल्यानगर करीत कल्याणकडे जातो. त्या रस्त्यावर जुन्नर तालुक्यात आणे घाटाजवळ गुळुंचवाडी नावाचे गाव आहे. तिथे ओढ्याच्या पाण्याने काळा कातळ खालून कोरून काढला आणि वरचा पट्टा पुलासारखा तसाच राहिला. त्याला नैसर्गिक पूल म्हणतात. दोर लागत नाही, शिडी लागत नाही. म्हाताऱ्या माणसालाही हात धरून नेता येते.

कल्याणकडच्या एका लग्नाहून परतताना आमची नऊ माणसे तिथे थांबली. लग्नाच्या कामाला ही पाऊण तासाची बिनकामाची पुरवणी जोडली, म्हणून ती कुणाला खटकली नाही. घरातल्या वडीलधाऱ्या फुफूंच्या गुडघ्यांना त्रास, त्यामुळे चाल त्यांच्या पायांची. पुढे पळणारी मुले दर वळणावर थांबत आणि मागे येत. फुफूंनी पुलाखाली उभे राहून वर पाहिले, दगडावर तळहात ठेवला आणि बऱ्याच वेळाने विचारले, ‘ये किसने बनाया नहीं ना?’ कुणी बांधले नाही, असे आम्ही सांगितले. ‘सुबहानल्लाह’ म्हणून त्या गप्प राहिल्या. उरुसाच्या गर्दीत त्यांना इतका वेळ एका जागी उभे राहिलेले आम्ही कधी पाहिले नव्हते.

असल्या दगडांचे सर्वांत मोठे वसतिस्थान मात्र आपल्याकडे नाही. ते अमेरिकेत, युटा राज्यात आहे. तिथल्या आर्चेस नावाच्या राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत, त्याही लाल दगडाच्या. वाळूच्या कणांचा तो दगड, त्यातल्या लोहाच्या गंजाने तांबडा झालेला. तिथे गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींचे फोटो आता हिंगोलीच्या मोबाइलवरही दिसतात. बाबागाडीतले मूल, सलवार-कमीजमधली आई, पाठीमागे लाल कमान आणि तिच्यातून दिसणारे आभाळ. खिडक्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमानींचा फेरा तिथे जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा आहे. लहान मुले नि आजी-आजोबा सहज करतात. आपला दगड वेगळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो काळा बेसॉल्ट. तरी घाटात कापलेल्या कड्याकडे नीट पाहिले, तर दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी रंगाचा मातकट पट्टा अनेकदा दिसतो. तांबडेपणा आपल्याही डोंगराच्या पोटात आहे.

या कमानी घडतात कशा? पाणी भेगेत शिरते, थंडीत गोठते, फुगते, कण सुटतो. वारा आणि पाऊस तो नेतात. असे हजारो वर्षे चालते. कमान कुणी आणून ठेवलेली नसते. भोवतालचे सगळे गेलेले असते आणि जे टिकले त्याला आपण कमान म्हणतो. तेही कायमचे नाही. युटातल्या लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा १९९१ मध्ये कोसळला आणि तिच्याखालची वाट बंद करावी लागली. वॉल आर्च नावाची कमान २००८ च्या ऑगस्टात रातोरात पडली. माल्टाची समुद्रातली प्रसिद्ध खिडकी ८ मार्च २०१७ रोजी वादळात नाहीशी झाली. तिथे काय ठेवले आहे, या प्रश्नाचे एक उत्तर इथे मिळते : काहीच ठेवलेले नाही, म्हणून जे अजून आहे ते पाहून घ्या. फना हा शब्द आपण तकरीरीत शंभर वेळा ऐकतो, पण डोळ्यांनी पाहण्याची संधी क्वचित घेतो.

दीनच्या बाजूने पाहिले तरी हे पाहणे परके नाही. जमिनीवर फिरा आणि निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असा आदेश सूरह अल-अन्कबूतमध्ये आहे. हा आदेश फक्त पुरुषांना आहे, असे तिथे म्हटलेले नाही. हज आणि उमराहमध्ये सफा आणि मरवा यांच्या दरम्यान सात फेऱ्या होतात. ती हजरत हाजरा यांच्या पावलांची आठवण आहे. एका आईच्या धावण्याला इबादतीचा दर्जा देणारा समाज बाईच्या चालण्याला मात्र कारण मागतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. हाजरा कामासाठी धावल्या, पाण्यासाठी धावल्या, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांनी प्रवासात शर्यत लावल्याची नोंदही हदीसमध्ये आहे. सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले आणि दोघे धावले. आयेशा जिंकल्या. पुढे कधीतरी पुन्हा धावले, तेव्हा त्या हरल्या. त्या धावण्यात कोणते काम होते? जिथे पोहोचले तिथे काय ठेवले होते?

आक्षेप आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला इस्राफचा. ज्यांच्या घरी एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल अडते, त्यांना सैरसपाट्याचा सल्ला देणे शोभत नाही. हे मान्य. पण आपल्यातली जी घरे मंगनी, हळद आणि वलीमा यांवर कर्ज काढून खर्च करतात, त्यांनी एका दिवसाच्या एसटीच्या तिकिटावर इस्राफचा शिक्का मारू नये. आणि चालायला युटा लागत नाही. गावाबाहेरचा माळही चालतो.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. नेढी बहुधा गडांवर आहेत आणि गडांवर आज प्रत्येक जण सारख्या निर्धास्तपणे जात नाही. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरमध्ये मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्यानंतर दाढीवाला मुलगा किंवा हिजाब घेतलेली मुलगी गडाची पायरी चढताना आजूबाजूला बघत असेल, तर त्यांना भित्रे म्हणता येणार नाही. घरातल्या बुजुर्गांच्या ‘वां रक्खा क्या है’मध्ये ही भीतीही मिसळलेली असते. ती बोलून दाखवण्यापेक्षा तिथे काहीच नाही म्हणणे त्यांना सोपे जाते. पण ज्या जागी आपण जाणेच सोडतो, ती जागा हळूहळू आपल्या मुलांच्या मनातूनही जाते. नेढ्याला ना तख्त, ना झेंडा. ते या भूमीचे आहे आणि आपणही या भूमीचे आहोत. तिथे शांतपणे, चार माणसांसारखे, घरच्यांसह चालणे हा मोर्चा नव्हे. मात्र तो हक्क वापरल्यावाचून राहत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नसून इशारा आहे. इर्शाळगडाच्या नेढ्याचे फोटो सर्वांनी काढले. त्याच डोंगराच्या अंगावर ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ज्या पावसाने नेढे कोरले त्याच पावसाने वाडी गाडली. पाहणाऱ्याने एवढे तरी करावे, की दृश्याच्या खाली राहणाऱ्या माणसाला दृश्याचा भाग समजू नये. त्याच्या दारात थांबावे, पाणी मागावे, दोन शब्द बोलावेत.

आता सोपेपणाविषयी. डोंगर चढणाऱ्यांत सोप्या वाटेला कमी लेखण्याची रीत आहे. दमछाक झाली नाही तर ते चालणे कसले, असे म्हणतात. आपल्याकडे त्याची दुसरी आवृत्ती आहे : कष्ट झाले तरच सवाब. आम्हांला हे पटत नाही. जमातीत म्हातारे, आजारी, दुबळे असतात, म्हणून इमामाने नमाज हलकी ठेवावी, अशी शिकवण पैगंबरांनी दिली. जमातीची चाल सर्वांत तगड्या माणसाने ठरवायची नाही. कुटुंबाची चालही तशीच. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी जी वाट ठरते, ती सोपी नसते. ती न्यायाची असते. तिच्यावर तरण्यांना थांबावे लागते आणि थांबणे चढण्याहून अवघड आहे.

एक खोटा धडा मात्र टाळला पाहिजे. २०१४ मध्ये प्रागच्या शास्त्रज्ञांनी वालुकाश्मावर प्रयोग करून दाखवले, की ज्या कणांवर भार असतो ते एकमेकांत घट्ट अडकतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. ज्यांच्यावर भार नाही ते वाहून जातात. म्हणजे ओझे वाहणारा भागच कमान होऊन उभा राहतो. हे ऐकताच आपल्यातला वक्ता म्हणेल, पाहा, आपल्या आया-बहिणी अशाच, ओझ्याने मजबूत झालेल्या! टाळ्याही पडतील. पण दगडाला कुणी विचारले नव्हते आणि दगड खांदा बदलू शकत नाही. माणसाला विचारता येते, माणूस खांदा देऊ शकतो. बाईच्या ओझ्याचे कौतुक करणे हा ते ओझे तिच्यावरच ठेवण्याचा जुना, स्वस्त उपाय आहे. दगडापासून दगडाचे ज्ञान घ्यावे. नीती घ्यायची ती माणसांकडून.

उंट आणि सुईचे नेढे ही प्रतिमा सूरह अल-आराफमध्ये आहे. गर्वाने पाठ फिरवणाऱ्यांना जन्नतचे दार उघडणार नाही, हे सांगताना ती येते. इंजीलमध्ये ती श्रीमंताविषयी येते. दोन्हींचा रोख अंगावर चढलेल्या फुगीवर आहे. आपल्या घरांत ही फुगी इज्जतीच्या नावाने येते. अमक्याच्या घरच्या बायका उगाच फिरतात, असे लोक म्हणतील, या एका वाक्याएवढी ती जाड असते आणि उंबऱ्यातून कुणाला निघू देत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांत कमी बाहेर पडलेल्या व्यक्तीला विचारावे, कुठे जायचे? तिने जागा सांगितली, तर तिथे काय ठेवले आहे, असे विचारू नये. कदाचित तिला उत्तर ठाऊक नसेल. ते तिथे गेल्यावर तिला सापडेल, किंवा सापडणारही नाही. जायला तेवढे पुरेसे आहे.