न झालेल्या गोलांचा हिशेब

सत्कर्म म्हणजे काहीतरी घडवणे, असे आपण धरून चालतो. मग जो आयुष्यभर काही घडू न देण्यासाठीच झटतो, त्याचे माप कशाने काढायचे? मी उज्जैनात राहतो, इथे फुटबॉलची चर्चा कमीच. तरी गोव्याच्या महेश गवळीची कारकीर्द आठवली की हा प्रश्न मला सोडत नाही.

गवळी बचावपटू. २००३ साली जाकार्तात ईस्ट बंगालने आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता. अंतिम सामना ३-१. ओकोरो, भूतिया आणि आल्विटो डिकुन्हा यांचे गोल शौकीन आजही रंगवून सांगतात. समोरच्यांचा दुसरा, तिसरा का झाला नाही, ते कोणी सांगत नाही. उलट २०११ च्या आशिया चषकात दोहाला भारताने तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले, हा आकडा मात्र पक्का ध्यानात. आघाडीच्या खेळाडूने नऊ संधी दवडून दहावी साधली की त्याची मिरवणूक. मागच्याने नऊ अडवून दहावी सोडली की तोच गुन्हेगार. कसला हा न्याय!

पण अडचण खरी आहे. न झालेल्या गोष्टीचा पुरावा कोणता? चेंडू कदाचित आपणहून बाहेर गेला असता. पुराव्यावाचून श्रेय वाटू लागलो, तर गावोगावचा जागल्या म्हणेल, माझ्यामुळेच दरोडा पडला नाही.

आमच्याकडे गर्दी महाकालाकडे, पण नगराची राखण भैरवगडच्या कालभैरवाकडे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी त्याला आपली पगडी वाहिली, असे सांगतात. त्याने किती संकटे परतवली, याची यादी कोणी मागत नाही. श्रेयाला पुरावा लागत असेल. कृतज्ञतेला लागत नाही, असे मला तिथे वाटते.

२०२३ च्या सॅफ स्पर्धेत प्रशिक्षक स्टिमॅच यांच्यावर बंदी आली आणि सहायक गवळी मैदानाकडेला उभा राहिला. लेबनॉनविरुद्ध उपांत्य सामना गोलशून्य, पेनल्टीवर सुटला. ४ जुलैला बंगळुरूत कुवेतशी १-१, पुन्हा पेनल्टी. शेवटचा फटका गुरप्रीतने अडवला. टीव्हीपुढे शेजारचा मुलगा उशिरा येऊन विचारू लागला, "काका, आखिरी गोल किसने मारा?" म्हटले, मारला नाही रे, अडवला. त्याचा चेहरा पडला.