किती पेशी मेल्या म्हणजे माणूस मेला?

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतेतल्या चौदा महिन्यांच्या एका मुलाचा मेंदू मृत झाल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले. आईवडिलांनी होकार दिला आणि त्याचे हृदय मुंबईत आणून साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या छातीत बसवण्यात आले. सुरतेहून मुंबईला असे हृदय येण्याची ती पहिली वेळ नव्हती. तापीकाठच्या या शहराने अवयवदानात देशभर नाव मिळवले आहे, आणि शहराच्या लिंबायत-उधना भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या खानदेशी घरांतही अतिदक्षता विभागाच्या दारात हा प्रश्न उभा राहू शकतो. विचारासाठी समोर एक शंकाकार बसवू. तो अडाणी नाही, हट्टीही नाही. त्याच्या भावाची छाती व्हेंटिलेटरवर अजून वरखाली होते आहे आणि त्याच्यापुढे संमतीचा कागद आहे. तो म्हणतो, “हृदय जिवंत होते, म्हणून तर ते दुसऱ्याच्या उपयोगी पडले. मग ज्याच्या छातीत ते धडधडत होते तो मेलेला कसा? आणि तो मेलेला नसेल, तर तुम्ही माझ्याकडून कशाची सही मागता आहात?”

या प्रश्नाला दयेने उत्तर देता येत नाही, आणि ‘दुसऱ्याचा जीव वाचतो’ हेही त्याचे उत्तर नव्हे, कारण एकाचा जीव घेऊन दुसऱ्याचा वाचवायचा नसतो. उत्तर शोधायचे तर पेशीपासून सुरुवात करावी लागते. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या कापात पहिल्यांदा ‘पेशी’ पाहिल्या, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत देहात मरण सतत चालू असते. प्रौढ माणसाच्या अंगात दररोज अंदाजे तेहतीस हजार कोटी पेशी जातात आणि तेवढ्याच नव्याने येतात. गर्भाच्या पंजात बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मेल्या नाहीत, तर बोटे सुटी होत नाहीत. तांबडी रक्तपेशी आपले केंद्रक टाकून देऊन रक्तात उतरते, एकशेवीस दिवसांच्या आसपास काम करते आणि संपते. तिला पुन्हा विभागताच येत नाही. झाडातही हेच आहे. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेला एच-४ हा कपाशीचा संकरित वाण १९७० मध्ये शेतात आला. व्यापारी लागवडीसाठीचा तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकेक पेशी असते. फूल उमलते त्या दिवसाच्या सुमारास ती बाहेर डोकावते, मग विभागणी न करता नुसती लांब होत जाते, अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत. त्यानंतर आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि बोंड फुटण्याच्या सुमारास मरते. मेल्यावर ती पिळदार, चपटी होते, म्हणूनच तिचे सूत निघते. पेशीचे मरण आणि देहाचे मरण एकच असते, तर बोटे सुटी झालेला गर्भ आणि फुटलेल्या बोंडाची कपाशी ही दोन्ही मेलेली धरावी लागली असती.

“हे मान्य,” शंकाकार म्हणतो. “पेशी मेल्या म्हणून देह मरत नाही. पण मी उलट विचारतो आहे. पेशी जिवंत असताना देह मेला असे कसे म्हणता? शेवटची पेशी जाईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?” हरकत अशी की तसे आजवर कोणीच थांबलेले नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की माणसाच्या स्नायूंतल्या मूलपेशी मृत्यूनंतर सतरा दिवसांनीही जिवंत सापडतात आणि पोषक द्रवात ठेवल्या तर विभागतात. अश्विनीकुमार घाटावर अग्नी दिलेल्या प्रत्येक देहात अशा कोट्यवधी जिवंत पेशी होत्या. आपण त्या जाळल्या आणि कोणाचा जीव घेतला असे आपल्याला वाटले नाही, ते बरोबरच होते. बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स ही स्त्री ऑक्टोबर १९५१ मध्ये वारली. तिच्या गाठीतून काढलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही विभागत आहेत. म्हणून ती बाई जिवंत आहे असे कोणी म्हणत नाही. सुरतेच्या त्या मुलाचे हृदय मुलीच्या देहात धडधडू लागले, तेव्हा तो मुलगा तिच्यात जिवंत आहे असे आपण प्रेमाने म्हणू, पण तसे मानून तिचा जन्मदाखला बदलणार नाही. त्याचे जगणे त्या हृदयाच्या पेशींत साठवलेले असते, तर ते हृदयाबरोबर गेले असते.

मोजणीनेही हा प्रश्न सुटत नाही. माणसाच्या देहात तीस लाख कोटींच्या आसपास पेशी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य तांबड्या रक्तपेशी आहेत. मेंदूतल्या चेतापेशी सुमारे आठ हजार सहाशे कोटी, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाहीत. त्या सगळ्या गेल्या तरी हिशेबात देह नव्व्याण्णव टक्के जिवंतच राहील. तेव्हा कोणत्या पेशी गेल्या आणि त्यांच्या जाण्याने कोणते काम कायमचे थांबले, हे पाहावे लागते.

इथे झाड आणि प्राणी यांची वाट वेगळी होते. खानदेशातली केळीची बाग पाहा. घड उतरला की तो बुंधा संपतो, पण कंदाला फुटलेला मुनवा वाढत राहतो आणि पिलबाग उभी राहते. जळगावच्या प्रयोगशाळांत शेंड्याच्या एवढ्याशा तुकड्यापासून ‘ग्रँड नैन’ची हजारो रोपे होतात. यात मेले कोण? झाडाच्या टोकांशी विभागणाऱ्या पेशी जन्मभर ताज्या राहतात, फांदीतून मूळ फुटू शकते, अख्ख्या झाडाचा कारभार एका जागी नसतो. म्हणून झाडाच्या मरणाचा क्षण सांगता येत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. प्राण्याचे तसे नाही. पेशीला भिंत नाही, देह हलतो, अन्नामागे आणि हवेमागे जातो, आणि या धडपडीसाठी त्याच्या पेशींनी कामे वाटून घेतली ती इतकी की एकीने दुसरीचे काम करावे अशी सोय फारशी उरली नाही. यकृताने मात्र ती बरीच राखली आहे. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेल्या पेशी विभागून आठवड्या-दोन आठवड्यांत ते मूळ वजनाला येते, हे १९३१ पासून माहीत आहे. हृदयाने ती जवळजवळ सोडली. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेल्या कार्बन-१४ वरून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पेशींची वये काढली. पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला साधारण एक टक्का बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. मोठ्या मेंदूच्या बाह्य थरातल्या चेतापेशी मात्र माणसाएवढ्याच वयाच्या निघाल्या. त्या जन्माबरोबर मिळतात आणि गेल्या की त्यांच्या जागी कोणी येत नाही.

डोक्याला जबर मार लागला किंवा आत मोठा रक्तस्राव झाला की काय होते, ते यावरून कळते. मेंदू वजनाने देहाचा पन्नासावा भाग, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. चेतापेशीच्या पडद्यावरचे सोडियम-पोटॅशियमचे पंप अखंड चालू ठेवायला ही ऊर्जा खर्च होते. रक्त थांबले की काही सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पंप बंद पडतात, पेशीत पाणी शिरते, मेंदू सुजतो. कवटी ताणत नाही, म्हणून आतला दाब रक्तदाबाहून वर जातो आणि उरलेसुरले रक्तही आत येईनासे होते. हृदय मात्र चालू राहते, कारण त्याचा ठोका मेंदू देत नाही. तो हृदयातल्याच पेशी देतात आणि काचेच्या बशीत ठेवलेल्या हृदयपेशीही स्वतःहून आकुंचन पावतात. फुफ्फुसाला ही सोय नाही. श्वासाचा हुकूम मेंदूच्या स्तंभातून निघतो, आणि तो स्तंभ मेला की यंत्राने हवा ढकलल्याखेरीज छाती हलत नाही. तुमच्या भावाची छाती हलते आहे, ती त्याने हलवलेली नाही.

आता शंकाकाराचा सर्वांत जोरकस आक्षेप येतो. “मेंदू मेला म्हणजे देहाचा एकोपा मोडला, असे तुम्ही म्हणणार. पण तसे होत नाही. अशा देहातली जखम भरते, ताप येतो, मेंदूमृत गरोदर स्त्रीचे मूल पोटात वाढून जन्माला आले आहे.” हे खरे आहे. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ ॲलन शेवमन यांनी १९९८ मध्ये अशा दीर्घकाळ टिकलेल्या देहांच्या नोंदी एकत्र मांडल्या. एक मुलगा तर चार वर्षांचा असताना मेंदूमृत ठरला आणि त्याचा देह यंत्राच्या आधाराने पुढे वीस वर्षे राहिला. ‘मेंदू गेला की देह विस्कटतो’ हे सोपे समर्थन त्यामुळे टिकत नाही, आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या जीवनीतिविषयक परिषदेने २००८ मध्ये ते मान्य केले. मलाही ते सोडून द्यावे लागते. पण त्याने निष्कर्ष पडत नाही, पाया बदलतो. जखम भरणे, संप्रेरके वाहणे, पेशींनी शेजारच्या पेशींना खुणा देऊन वाढवणे, ही कामे केळीच्या कंदातही आपापल्या रीतीने चालतात; ती जागच्या जागी चालतात आणि यंत्राने हवा व रक्त पुरवले तर चालू राहतात. प्राणी म्हणून जगणे याहून निराळे आहे: हवा कमी पडते आहे हे देहाने स्वतः ओळखावे आणि ती ओढून घ्यायला झटावे. नवजात बाळाची पहिली ओढ तीच असते. ही ओढ आणि जाण येण्याची शक्यता, दोन्ही एकदम आणि कायमच्या गेल्या, की पेशी राहतात, जगाकडे वळणारा कोणी राहत नाही.

ही कसोटी कोठे लागू होत नाही हेही तितक्याच ठामपणे सांगावे लागेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत होत्या. त्यांच्या मेंदूला भयंकर इजा झाली होती, पण त्या स्वतः श्वास घेत होत्या. त्यांना कोणी मेंदूमृत म्हटले नाही आणि म्हणता आलेही नसते. तिथल्या परिचारिकांनी चार दशके त्यांना जपले, ते जिवंत माणसाला जपणे होते. कोमा, जाणीवशून्य अवस्था आणि मेंदूस्तंभाचा मृत्यू यांत घोटाळा होईल ही भीती रास्त आहे. ती घालवायची तर कसोटी कडक ठेवावी लागते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने चार डॉक्टरांची तपासणी आणि किमान सहा तासांच्या अंतराने तीच तपासणी पुन्हा करणे बंधनकारक केले आहे, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही त्या चौघांत असू शकत नाही.

“तरी ही व्याख्या अवयव मिळावेत म्हणूनच काढली ना?” काळ पाहिला तर संशय येतो. केपटाऊनमध्ये पहिले हृदयप्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये झाले, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केले, आणि हार्वर्डच्या समितीचा मेंदूमृत्यूवरचा अहवाल त्याच वर्षी आला. पण पॅरिसच्या मोलारे आणि गूलाँ या डॉक्टरांनी ‘कोमाच्या पलीकडची’ ही अवस्था १९५९ मध्येच वर्णन केली होती, तेव्हा हृदय बसवण्याची कला कोणालाही अवगत नव्हती. ती अवस्था कृत्रिम श्वासाच्या यंत्राने दिसू लागली. त्याआधी श्वास थांबताच हृदयही थोड्या वेळात थांबे आणि दोन मरणे एकच वाटत. राहिली देह अपुरा जाळला तर पुढच्या जन्मी काय, ही शंका; ती मी सुरतेत फार लांबवणार नाही. जिथे तीन पानांचा वड दाखवतात, त्या तापीकाठी कर्णाचे दहन झाले अशी श्रद्धा आहे, आणि अंगाची कवचकुंडले कापून देणाऱ्या कर्णाला तिथे कोणी अपुरा म्हणत नाही.

व्याख्या सोयीसाठी काढली या आक्षेपात मात्र एक काटा आहे, आणि तो आपल्या कायद्याने ठेवला आहे. मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू, असे प्रत्यारोपणाचा कायदा सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात त्याचा उल्लेख नाही. जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, एवढेच तिथे आहे. परिणाम असा की घरच्यांनी होकार दिला तर तो देह मृताचा, आणि नकार दिला तर व्हेंटिलेटर बंद करावा की नाही याबद्दल डॉक्टरही कचरतात. शंकाकाराचा अविश्वास इथून जन्मतो, आणि त्याचे चूक नाही. जे सत्य सहीवर अवलंबून राहते ते सत्य म्हणून कोणाला पटावे? केरळने २०२० मध्ये अवयवदान असो वा नसो, मेंदूमृत्यू तो मृत्यूच, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. गुजरात आणि महाराष्ट्रानेही हेच करायला हवे. मृत्यू आधी जाहीर व्हावा, त्याचा कागद आधी हाती यावा, आणि दानाचा विषय त्यानंतर, वेगळ्या माणसाने काढावा. शंकाकाराने तेव्हा नाही म्हटले, तर तो त्याचा हक्क आहे. त्या नकाराने भाऊ जिवंत ठरू नये आणि होकाराने मेलेला ठरू नये. आणखी एक गोष्ट नियमात घालावी. यंत्र काढून, नळीतून नुसता प्राणवायू सोडून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देत आठ-दहा मिनिटे छातीकडे पाहत राहायचे, ही शेवटची चाचणी असते. ती वाढ हा मेंदूस्तंभाला मिळणारा सर्वांत जोरदार हुकूम. जिवंत स्तंभ असेल तर तो श्वास घेतल्यावाचून राहत नाही. जवळच्या नातलगाची इच्छा असेल तर त्याला त्या वेळी खाटेशी उभे राहू द्यावे, आणि काय पाहायचे आहे ते डॉक्टरांनी त्याला मराठीत किंवा गुजरातीत, आधी समजावून सांगावे.