बक्षिसाच्या उंबरठ्यावर

पोकरच्या स्पर्धेत बक्षिसे १५ आणि खेळाडू १६ उरले, की थोड्या चकत्यांचा धनी चांगली पानेही टाकून देतो. दुसरा कोणी बुडाला, की आपण तरलो! मोठ्या ढिगाचा धनी याच भयावर डाव चढवितो. परनाशाची अशी वाट पाहणे अधर्म काय? आम्हांस तसे वाटत नाही. तेथे प्रत्येकजण नियम मानूनच बसलेला असतो.

बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाची गोष्ट निराळी. वेढा उठावा म्हणून बहादुर फारुकी, गड थकावा म्हणून अकबर, दोघेही वाट पाहत राहिले. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. मधल्या महिन्यांत हाल सोसणाऱ्या रयतेने मात्र डाव मांडलाच नव्हता. संयम पुण्य की पाप, हे त्याची किंमत कोण देतो यावरून ठरते.