परदेशी सापडलेला प्रजाजन व राजसत्तेचे ऋण

(वाचावे : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ ते २३)



पेत्र बंदिशाळेत होता तेव्हा त्याला सोडविण्यास देवदूत आला. यरुशलेमात पौलाचा जीव धोक्यात आला तेव्हा मात्र देवाने सरकारी शिपाई पाठविले. चाळिसांहून अधिक माणसांनी, त्याला ठार मारीपर्यंत अन्नपाणी घ्यावयाचे नाही, अशी शपथ वाहिली होती. हे कळताच क्लौद्य लुसिया या रोमी सरदाराने दोनशे शिपाई, सत्तर स्वार व दोनशे भालेकरी सज्ज केले, पौलाला बसावयास जनावर दिले, आणि रातोरात त्याला कैसरियाच्या वाटेस लाविले. एका मनुष्यासाठी ४७० माणसे! हा सरदार ख्रिस्ताचा शिष्य नव्हता. पौल रोमी नागरिक आहे, एवढेच त्याला ठाऊक होते व तेवढेच त्याला पुरेसे झाले. अधिकारी हा आपल्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. त्याचा अनुभव त्याला त्या रात्री आला.

आज आमच्या खेड्यांतूनही कोणाचा मुलगा मोटार हाकावयास, कोणाचा गवंडीकामास, तर कोणाची मुलगी परिचारिका म्हणून आखाती देशांत जाते. त्या देशात युद्ध पेटले तर त्यांना माघारी कोणी आणावे? आमचे उत्तर असे की, ते काम सरकारचे आहे. आणि ते भिक्षा म्हणून नव्हे, तर ऋण म्हणून.

कोणी म्हणेल, 'आपल्या पोटासाठी आपण होऊन गेला, धोक्याची सूचना मिळूनही राहिला. आता त्याचे त्यानेच पाहावे.' बंधूंनो, पौलालाही सूचना मिळाली होती. कैसरियात अगब संदेष्ट्याने त्याला बेड्यांविषयी आधीच सांगितले होते, व मित्रांनी रडून विनविले होते. तरी तो गेला. सरदाराने त्याला 'का आलास?' असे म्हणून वाऱ्यावर सोडले नाही. बुडणाऱ्यास प्रथम बाहेर काढावे, बोध मागाहून करावा.

हे ऋण फेडताना सत्तेने तोंडे पाहिली म्हणजे काय होते, ते ब्रह्मदेशात दिसून आले. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बाँब पडले, आणि लाखो हिंदी लोक हिंदुस्थानाकडे निघाले. पुष्कळांनी आराकानच्या, मणिपूरच्या व आसामच्या डोंगरवाटा पायी तुडविल्या. भूक, पटकी व हिवताप यांनी हजारो लोक वाटेतच मेले. गोऱ्यांना सोयीची वाट व हिंदी माणसांना खडतर वाट, असा भेद झाल्याची तक्रार १९४२ साली देशभर उठली. राज्य तेच, संकट तेच. पण कातडीवरून माणसाची किंमत ठरली. देव पक्षपाती नाही. मग त्याचा सेवक म्हणविणारी सत्ता पक्षपाती कशी असावी?

याच्या उलट गोष्टही सांगितली पाहिजे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापला. तेथील भारतीयांत व्यापारी होते, तसे हातावर पोट असलेले मजूरही होते. वाळवंट ओलांडून ते जॉर्डनमधील अम्मान शहरी पोहोचले, आणि तेथून सुमारे दोन महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी पावणेपाचशेहून अधिक फेऱ्या करून १,००,००० हून अधिक माणसे मायदेशी आणिली. २०१५ साली येमेनमधून आमच्या आरमाराने व विमानांनी ४,६०० हून अधिक भारतीय सोडविले, आणि त्यांच्याबरोबर ९०० हून अधिक परदेशी लोकही. चांगल्या शोमरोन्यानेही जखमी मनुष्याची जात विचारली नव्हती.

परंतु सरकारचा हात सर्वत्र पोहोचतो असे नाही. २०१४ साली इराकमध्ये ४६ परिचारिका सुखरूप परत आल्या. त्याच वर्षी मोसुल येथे धरलेले ३९ भारतीय मजूर मात्र आले नाहीत. ते मारले गेल्याचे २०१८ च्या मार्च महिन्यात जाहीर झाले. जवळजवळ चार वर्षे त्यांच्या आयाबाया वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. म्हणून आम्ही म्हणतो की, वाचविता आले नाही तेथेही सत्तेचे एक ऋण उरतेच : शोध सोडू नये, आणि घरच्यांस खरे ते सांगावे.

आता आपले कर्तव्य पाहू. कटाची बातमी सरदाराला कोणी दिली? पौलाच्या बहिणीच्या मुलाने. तो गढीत गेला, मामाला भेटला, आणि सरदाराने त्या तरुणाचा हात धरून त्याला एकीकडे नेले व त्याचे म्हणणे ऐकून घेतले. अधिकाऱ्यांनी गरिबाच्या नातलगाचे असेच ऐकावे; आणि मंडळीने त्या भाच्याप्रमाणे गढीच्या दारापर्यंत जावे. घरी बसून केवळ उसासे टाकणे हा विश्वास नव्हे.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, आपल्या गावचे कोण कोठल्या देशी आहे याची वही ठेवा. जाणाऱ्यास सांगा की, परवाना असलेल्या दलालाकडूनच जावे, पासपोर्टाची नक्कल घरी ठेवावी, तेथे पोहोचताच भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे, आणि सरकारने निघण्याची सूचना दिली तर पगाराच्या आशेने मागे राहू नये. संकट आलेच, तर ज्या मातेस लिहिता येत नाही तिचा अर्ज तुम्ही लिहा. परराष्ट्र खात्याने २०१५ पासून 'मदद' नावाची तक्रारींची सोय केली आहे. जिल्हाधिकारी व खासदार यांनाही कळवा. हक्क मागण्यात लाज नाही. 'रोमी माणसाला चौकशीवाचून फटके मारणे कायदेशीर आहे काय?' असे पौलाने विचारलेच होते.

सुटका झाल्यावर सरकारचे आभार मानावे, पण त्याची पूजा करू नये. लुसियाने सुभेदारास धाडलेल्या पत्रात, आपण पौलाला बांधविले व फटके मारविणार होतो, ही गोष्ट गाळलीच. राज्यकर्ते माणसेच आहेत. मेंढपाळ एकच, जो नव्याण्णव सोडून एकाच्या शोधास जातो. त्या एकाची गणती ज्या राज्यात होते, ते राज्य आपले ऋण फेडीत आहे असे समजावे.

येत्या रविवारी उपासनेत परदेशी असलेल्या आपल्या प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना करा. प्रभू त्यांना राखो, अधिकाऱ्यांस जागृत ठेवो, आणि आम्हांस आळस न देवो. आमेन.