उद्यावर काय ठेवावं?

शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची पाळी आली की मला हमखास एकच आठवायचा : आजचे काम उद्यावर ढकलू नये. पुढे कितीतरी वर्षं मी तो इमानाने पाळला. वहीत रोज सतरा-अठरा कामं लिहायचो. विजेचं बिल, गॅसचा नंबर, रखडलेला लेख, मावशीला फोन. रात्री बिल भरलेलं असे, नंबर लावलेला असे. लेख आणि मावशी जिथल्या तिथे. सोप्या कामांवर काट मारण्याचं सुख मोठं फसवं.

छापखान्याचा मालक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिवसाचे चोवीस तास कागदावर आखले होते. पहाटे पाचला उठायचं आणि आज कोणतं चांगलं काम करणार, हे स्वतःला विचारायचं. पण आत्मचरित्रात तो कबूल करतो, की हा नेमकेपणाच त्याला सर्वांत जड गेला. छापखान्यातल्या कामगाराला वेळापत्रक पाळणं जमेल. मालकाला लोक त्यांच्या सोयीने गाठतात. आखलेला दिवस दर वेळी आळसानेच मोडतो असं नाही. बरेचदा तो दुसऱ्याच्या घाईने मोडतो.

या घाईवर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये इव्हान्स्टनच्या भाषणात बोट ठेवलं. तातडीचं ते महत्त्वाचं नसतं आणि महत्त्वाचं ते तातडीचं नसतं, हा विचार त्यांनी एका माजी महाविद्यालय-प्रमुखाच्या नावे सांगितला. लेखक स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने तातडीचं-महत्त्वाचं या जोडीचे चार चौकोन घरोघरी पोचवले. मीही ते आखले. झालं काय, तर सगळीच कामं पहिल्या, म्हणजे तातडीच्या आणि महत्त्वाच्या, चौकोनात जाऊन बसली!

कारण बाजूला ठेवलेलं काम मनातून जात नाही. अर्धवट कामं अधिक लक्षात राहतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत ते टिकलं असं नाही. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांना एक उपयोगी गोष्ट दिसली : अपुरं काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याची टोचणी कमी होते. काम संपवावंच लागत नाही, त्याला जागा द्यावी लागते.

आमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवर आई पेन्सिलीने दुधाचे खाडे मांडायची. तारखेच्या चौकोनात उरलेल्या जागेत जेमतेम एक काम मावे. दुसरं आपसूक पुढच्या तारखेत जाई. ते ढकललेलं नसे, ठेवलेलं असे.

आता सकाळी फोन हातात घेण्याआधी मी एकच काम निवडतो आणि बाकीच्यांना तारखा देतो. मावशीचा फोन वर्षभर यादीच्या तळाशी पडून होता, कारण तिने कधी घाईच केली नाही. या रविवारच्या चौकोनात फक्त तिचं नाव आहे. दुपारी चार वाजता.