दुसऱ्याच्या फळाचा त्याग

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही छापलेला असतो. कर्म करत राहा, फळावर हक्क सांगू नकोस. मग ज्याच्या हातून लहान मुलांसाठी बक्षिसं तयार होतात, त्याने हा श्लोक कसा वाचायचा? हा प्रश्न मला आमच्या गावच्या बुवांनी घातला. ते कीर्तन करतात, पखवाज शिकवतात, आणि उगाच कुणाला टोचून बोलणारे नाहीत. म्हणून तो प्रश्न मी मनात ठेवला.

मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. आता सावेडीत राहतो. मूळ गाव नेवासे तालुक्यातलं, घरात पिढ्यान् पिढ्या माळ. नात कराटेच्या क्लासला जाते. तिथल्या सरांनी एकदा विचारलं की, बाजारातले सोनेरी प्लॅस्टिकचे कप देऊन मन भरत नाही, तुम्ही लाकडात काही कराल का? तेव्हापासून पट्ट्याची परीक्षा झाली की मी काही पाट्या करतो. सहा इंच रुंद, आठ इंच उंच, वरची बाजू थोडी गोलाई दिलेली, आणि त्यावर तापलेल्या पेनने जाळून काढलेली अक्षरं.

लाकूड शिवणीचं मिळालं तर उत्तम. फिकट रंगाचं, एकसारख्या पोताचं, त्यावर रेघ सरळ चालते. साग मला या कामाला आवडत नाही. रंगाने मुळातच गडद आणि अंगात तेल, अक्षर उठून दिसत नाही. नागापूरच्या एमआयडीसीत यंत्रांच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारात स्वस्त मिळतात. त्या घेताना शिक्का बघावा लागतो. एचटी असेल तर लाकूड नुसतं उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं. एमबी असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते लाकूड जाळायचं नाही आणि मुलांच्या हातात तर द्यायचंच नाही. प्लायवूड आणि एमडीएफलाही मी हात लावत नाही, त्यातला गोंद जळाला की धूर छातीत बसतो. पाइनची एक खोड अशी की तिच्यात मऊ आणि कठीण पट्टे आळीपाळीने येतात. मऊ पट्ट्यात पेन खोल जातं, कठीण पट्ट्यावर अडखळतं. ‘र’चं शेपूट काढताना हात जरा थबकला की तिथे काळा ठिपका उमटतो. तो खोडरबराने जात नाही; जाईपर्यंत तासायचं म्हटलं तर फळीच खोलगट होते. म्हणून मजकूर आधी कागदावर ठरवतो, कार्बन पेपरने फळीवर उतरवतो आणि मगच पेन तापवतो. शेवटी अळशीच्या तेलाचा हात.

मजकूर हीच या कामातली खरी गोष्ट. ‘प्रथम क्रमांक’, ‘उत्कृष्ट’ असं मी काही लिहीत नाही. सरांना विचारतो, या पोराने या वेळी काय केलं? ते जे सांगतात तेवढंच जाळतो. ‘डाव्या पायाची माए-गेरी (समोरची लाथ) जमवली.’ ‘धाकट्यांचे पट्टे बांधून देतो.’ ‘पाय मुरगळला तरी रोज येऊन बसली.’ खाली नाव. जे पुसता येत नाही ते आधी खरं असावं लागतं, एवढा नियम त्या लाकडानेच मला घातला आहे.

बुवांनी या पाट्या पाहिल्या, हातात घेऊन वजन केलं, आणि म्हणाले, “सर, काम सुरेख आहे. पण तुम्ही पोरांना फळाची चटक लावताय. उद्या पाटी मिळाली नाही, तर पाय उचलणार नाहीत. आपण माळकरी माणसं. आपणच हे करायचं का?”

यातलं अर्धं म्हणणं खरं आहे आणि त्याला पुरावाही आहे. माझी मुलगी बी.एड. करत असताना तिने मला एका प्रयोगाबद्दल वाचून दाखवलं होतं. 1973 साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मुलं मोकळी खेळत असताना पाहिलं, तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती आता चित्रांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळत होती. ज्यांना अचानक मिळालं त्यांची आवड मात्र तशीच होती. पत्र एकच, फीत एकच. बिघडवलं ते आधी लावलेल्या बोलीने.

बोली लागली की मोठ्या माणसांचंही काय होतं ते आम्ही इथेच पाहिलं. महाराष्ट्र केसरीची गदा 2 फेब्रुवारी 2025 ला आमच्या शहरातल्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ यांनी उचलली, आणि त्याच दिवशी निकालांवरून जो गोंधळ झाला तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी ती गदा आतून लाकडाचीच असते, वर चांदीचा पत्रा. माझ्यासारख्या सुताराला त्या लाकडाचं कौतुक. पण तिच्यापायी तरण्याताठ्या मल्लांची वर्षं पणाला लागतात, आणि एका निर्णयाने सगळं गेलं असं वाटलं की डोकं ठिकाणावर राहत नाही. बुवांना भीती वाटते ती याचीच, आणि ती भीती मी हलकी मानत नाही.

तरी आपल्याच गावच्या हगाम्यात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. पाच-सहा वर्षांची, लंगोट नीट न बसलेली पोरं मातीत उतरायची, माती कपाळाला लावायची, जिंकणारा आणि हरणारा दोघेही मूठभर रेवड्या घेऊन पळायचे. इनामाच्या कुस्त्या त्यानंतर. आमच्या आजोबा-पणजोबांना निष्काम कर्म माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या उशाशी ज्ञानेश्वरी होती. तरी त्यांना हे ठाऊक होतं की पोराच्या तळहातावर काहीतरी ठेवावं. कराटेतही पट्टे देण्याची चाल फार जुनी नाही. गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये पहिले काळे पट्टे दिले, तेही ज्युदोच्या जिगोरो कानो यांची पद्धत उचलून. त्याआधी ओकिनावात माणसं आयुष्यभर हात-पाय चालवत होती आणि कमरेला असा कुठलाही रंग नव्हता. म्हणजे बक्षिसावाचून विद्या टिकते हेही खरं. मग मुलाच्या हातावर काहीतरी ठेवावंसं वाटतं ते कशासाठी?

मी पुन्हा त्या श्लोकाकडे गेलो. त्याला चार चरण आहेत, आणि कॅलेंडरवाले पहिल्या दोहोंवरच थांबतात. चौथा चरण सांगतो की काहीच न करण्याची ओढही लागू देऊ नकोस. मुलांच्या बाबतीत मला याच चरणाची काळजी जास्त वाटते. फळाच्या लोभाने बिघडलेली मुलं मी आयटीआयमध्ये थोडी पाहिली. आपण केलेलं कुणाच्या नजरेलाच पडत नाही, असं वाटून रंधा खाली ठेवलेली पुष्कळ पाहिली. त्यातली बरीच हुशार होती.

आणि तो श्लोक कुणी कुणाला सांगितला? कृष्णाने अर्जुनाला. ज्याने पुष्कळ जय आणि कौतुक पाहिलेलं आहे, अशा पुरत्या वाढलेल्या योद्ध्याला, त्याच्या स्वतःच्या फळाबद्दल. फळाचा त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. आपल्या वाट्याचं सोडणं हा योग आहे. दुसऱ्याच्या वाट्याचं आपण सोडून देणं याला मी त्याग म्हणायला तयार नाही. बाप म्हणतो, “माझ्या पोराला कौतुकाची गरज नाही.” मालक म्हणतो, “कामगाराने फळाची आशा धरू नये.” दोघांनाही गीता पाठ असते. पण दोघांनी सोडलेलं असतं ते दुसऱ्याचं.

हे मला नेवाशाने शिकवलं. प्रवरेकाठी पैस खांब आहे; त्याला टेकून ज्ञानोबांनी गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतलं, शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. खांबावर एक जुना संस्कृत लेख आहे, देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. मी लहानपणापासून तिथे जातो. प्रचलित हिशोबाने ज्ञानोबांचा जन्म 1275 चा, म्हणजे तेव्हा वय पंधराच्या आसपास. आमच्या क्लासमधल्या तपकिरी पट्ट्याच्या मुलांएवढं. फळाची आशा सोडण्याबद्दल त्यांच्याइतकं खोल मराठीत कुणी बोललेलं नाही; अठराव्या अध्यायात तर आपल्या वाट्याच्या कामाचीच फुलं करून ती ईश्वराला वाहायला सांगतात. आणि हे सगळं पुरं झाल्यावर ते काय करतात? मागतात. उघडपणे, देवापुढे हात पसरून, आता या वाणीच्या यज्ञाने संतुष्ट व्हा आणि मला हे द्या म्हणतात.

मागतात ते काय, हे वारकऱ्याला सांगायला नको. दुष्टांचा वाकडेपणा जावो, जिवाजिवांत मैत्री होवो, ज्याला जे हवं ते त्याला मिळो. ज्याने स्वतःसाठी फळ नको म्हटलं तोच इतर सगळ्यांसाठी त्यांच्या इच्छेचं फळ मागतो. आणि देव हो म्हणतो, तेव्हा ज्ञानदेव सुखी होतात. ते सुख ते लपवत नाहीत. पसायदान मी अनेकदा म्हटलं आहे, शाळेत, कीर्तनाच्या शेवटी, कुणाच्या दशक्रियेला. पण त्यातला क्रम माझ्या लक्षात पाट्या करायला लागल्यावर आला. आधी काम पुरं झालं. कुणी काही कबूल केलेलं नव्हतं. मग मागणं, मग मिळणं, मग आनंद.

याच क्रमाने पाटी द्यायची असं मी सरांशी ठरवून घेतलं. परीक्षेआधी कुणाला मिळणार हे सांगायचं नाही, किती जणांच्या नावाच्या पाट्या आहेत हे मुलांना कळू द्यायचं नाही. एकाची पाटी दुसऱ्याच्या पाटीशी मोजता येईल असा शब्द लिहायचा नाही. आणि सगळ्यांना सरसकट द्यायचीही नाही. सरसकट दिली की मजकूर खोटा करावा लागतो, आणि मुलं तो खोटेपणा आपल्याआधी ओळखतात. यातून एक दुखणं उरतंच. ज्याच्याबद्दल सरांना अजून काही सांगता आलं नाही, ते पोर त्या संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातं. त्याला श्लोक ऐकवणं मला क्रूरपणा वाटतो. मी सरांच्या मागे लागतो की, पुढच्या महिन्यात त्याच्याकडे नीट बघा, काहीतरी तो करतच असेल. बक्षिसाचं खरं काम मला इथे दिसतं: मोठ्या माणसाला बघायला लावणं.

निष्कामतेचा नियम उरतो तो माझ्यासाठी. पाटीच्या मागे मी माझं नाव घालत नाही, पैसे घेत नाही, आणि दिल्यावर ती कुणाच्या घरात कुठे लावली हे विचारत नाही. हे शेवटचं मला अवघड जातं. हाताने केलेल्या वस्तूकडे मन परत परत वळतं.

बुवांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते, पण पूर्ण पटलं असं म्हणाले नाहीत. परवा त्यांचा फोन आला. पखवाज शिकणारी काही पोरं आहेत, त्यांच्यासाठी पाट्या करता का, म्हणाले. फक्त त्यावर नाव नको, ‘रामकृष्णहरी’ तेवढं घाला. मी म्हटलं, बुवा, रामकृष्णहरी वर घालतो, पण खाली पोराचं नाव आणि त्याचा कुठला बोल आता स्वच्छ वाजतो तेही घालणार. ते तुम्ही मला एकेकाचं सांगा. ते म्हणाले, मग मला आधी सगळ्यांचं नीट ऐकावं लागेल, आठ दिवस द्या.